नापास डबा

सदाशिव पेठेतल्या मुलींच्या त्या शाळेत अकरावीच्या एका टोळक्याचा नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सूचनाफलकावर लावलेल्या नियमांपेक्षा जास्त काटेकोरपणे पाळला जायचा. मधल्या सुट्टीत सातजणी मागच्या अंगणातल्या कट्ट्यावर गोल करून बसायच्या. सातही डबे मध्ये उघडले जायचे आणि मग कुणाचा हात कुणाच्या डब्यात चाललाय हे बघायचं नाही. ज्या डब्याच्या मालकिणीला स्वतःच्या डब्यातला घास मिळाला, तो डबा नापास. जिच्या वाट्याला बोट पुसायलाही काही उरलं नाही, तिचा डबा पास.

जुलैत हेल्मी आली आणि सातांच्या आठजणी झाल्या. हेल्मीचा डबा रोज नापास होत असे.

ती फिनलंडची, सोळा वर्षांची. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या योजनेतून एका वर्षासाठी पुण्यात आली होती. मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिची हेमा करून टाकली. गणिताच्या तासाला तिला अडचण नव्हती; आकडे सगळीकडे सारखेच. मराठी ती येण्यापूर्वी वर्षभर पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे ती 'मला समजले नाही' असं पूर्ण वाक्य बोलायची आणि मुली खूश व्हायच्या. अडचण होती ती फक्त त्या वीस मिनिटांची.

तिच्या गावच्या शाळेत दुपारचं जेवण शाळाच देई. ताट घ्यायचं, रांगेत उभं राहायचं, आपल्यापुरतं वाढून घ्यायचं आणि संपवायचं. दुसऱ्याच्या ताटात हात घालणं तिथे कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. हेल्मीचं ताट तर वेगळंच झाकून ठेवलेलं असे, वर नावाची चिठ्ठी. कारण तिला गहू चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नव्हे. गव्हातल्या एका प्रथिनाने तिच्या आतड्याच्या अस्तराला इजा व्हायची. सातव्या वर्षी निदान झालं, तेव्हापासून तिने पावाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. तिकडे सगळ्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे तिला कधी कुणाला समजावून सांगावंच लागलं नव्हतं.

इथे पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "मला गहू चालत नाही."

"अजिबात?" शेजारी बसलेल्या ऋजुताने विचारलं. ऋजुता त्या टोळक्याची म्होरकी. तिच्या घरी डबा ही आईची अब्रू होती.

"अजिबात."

दुसऱ्या दिवशी ऋजुताने मोठ्या थाटात डबा उघडला. आत केशरी शिरा, वर बेदाणे. "आईला सांगितलं मी. हेमाला पोळी चालत नाही म्हटल्यावर तिने मुद्दाम शिरा केला."

"हा कशाचा?"

"रव्याचा. खा गं, यात गहूबिहू काही नाही!"

बाकीच्या सहाजणींनीही माना डोलावल्या. त्यांच्या लेखी गहू म्हणजे कणीक आणि कणीक म्हणजे पोळी. रवा ही वाण्याकडची निराळ्या डब्यातली निराळी वस्तू. हेल्मीच्या पुस्तकात रवा नव्हता. तिने तीन चमचे खाल्ले, 'फार छान आहे' म्हणाली आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढले.

पाचव्या दिवशी येऊन तिने शांतपणे विचारलं, "रवा कशापासून करतात?"

ऋजुताने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "गव्हापासून," ती म्हणाली. हे तिलाही त्याच क्षणी समजत असल्यासारखा तिचा चेहरा झाला.

त्यानंतर हेल्मीने कुणाच्याच डब्यात हात घातला नाही. रागाने नव्हे, भीतीने. पण भीती काही कपाळावर लिहिलेली नसते. "नको," ती म्हणायची. "अगं, बटाट्याची भाजी आहे, काय होतंय?" "नको." आपल्याकडे पहिला नको हा धरायचा नसतो, दुसराही नाही, पण विसाव्या नकोला आग्रह करणारा थकतो. गोल तसाच राहिला, फक्त हेल्मी बसायची तिथे त्याला किंचित खाच पडली. तिच्या डब्यातल्या नुसत्या पांढऱ्या भाताकडेही कुणी हात नेईना. "जसं काही आपण विषच घालतोय," असं एकदा कुणीतरी हळूच म्हणालं. ते वाक्य मात्र हेल्मीला शब्द न् शब्द समजलं.

नुसता भात का, तर त्याचीही एक गोष्ट होती.

हेल्मी राहायची धायरीत, संपत आणि मैना यांच्या घरी. एकेकाळी संपतच्या वडलांची तिथे बारा एकर जमीन होती. आता चहूबाजूंनी इमारती उभ्या होत्या आणि मध्ये दोन एकरांचा तुकडा शिल्लक होता. त्यात ज्वारी, वांगी, मेथी. संपत पहाटे भाजीचा टेम्पो घेऊन मंडईला जायचा. घर पक्कं, दुमजली. हेल्मीला वरची खोली. "मला मावशी म्हण," मैनाने पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. मावशीने गहू चालत नाही हे ऐकलं, आणि पोळीच्या जागी भात, भाताच्या जागीही भात वाढायला लागली. सकाळी भात, डब्यात भात, रात्री भात. हेल्मी तक्रार करणाऱ्यांतली नव्हती.

ऑगस्टमध्ये एका रात्री ती पाण्याची बाटली भरायला स्वयंपाकघरात गेली. घरातली दोघं खाली बसून जेवत होती. त्यांच्या ताटात पांढुरकं, गोल, जाडसर असं काहीतरी होतं.

"हे काय आहे?"

मैनाने पदराने ताट झाकल्यासारखं केलं. "काय न्हाई. भाकरी हाय. ज्वारीची. आमचं आपलं जेवान."

"ज्वारीत गहू असतो?"

"ज्वारीत कसा गहू आसंल, पोरी?"

"मग मला का देत नाही?"

मैना संपतकडे बघायला लागली. संपत ठेचा बोटाने गोळा करत म्हणाला, "तिला वाटलं, परदेशी पाव्हणी. पाव्हण्याला कुनी भाकरी वाढतं व्हय? नावं ठेवतील लोकं. धायरीत जाऊन बसली आन् भाकरी खाती म्हनून."

हेल्मी तिथेच फतकल मारून बसली. मैनाने नाइलाजाने अर्धी भाकरी मोडून दिली, वर लोण्याचा गोळा ठेवला. हेल्मीने ती खाल्ली, आणि उरलेली अर्धी मागून घेतली. मग मैना उठली, तिने पुन्हा तवा चढवला, आणि त्या रात्री पाहुणी चार भाकऱ्या खाऊन झोपायला गेली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पोट दुखायचं थांबेना. शिऱ्यानंतर झालं होतं तेवढं नाही. मंद, रोजचं, चिवट. आणि वजन उतरत राहिलं.

सप्टेंबरच्या अखेरीस श्रीनिवास सरांनी तिला बोलावून घेतलं. योजनेचं पुण्यातलं काम ते पाहायचे. सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक. राहायचे शाळेच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या दवाखान्यातल्या काट्यावर त्यांनी स्वतः तिचं वजन केलं.

"आलीस तेव्हा चोपन्न किलो. आज साडेअठ्ठेचाळीस. टक्केवारी तू काढतेस की मी काढू?"

"दहा पूर्णांक दोन," हेल्मी म्हणाली.

"बरोबर. योजनेचा नियम आहे, दहाच्या वर गेलं की विद्यार्थ्याला घरी पाठवायचं. नियम मी केलेला नाही, पण वाईट नाही तो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या आईचं पत्र आलंय. ती म्हणते, पाठवून द्या. मी चार आठवडे मागून घेतलेत. दिवाळीच्या सुट्टीच्या आठवडाभर आधीच्या शनिवारी पुन्हा याच काट्यावर. पन्नास दिसले पाहिजेत. आणि नुसता आकडा नको. जेवणाचा प्रश्न सुटलाय अशी माझी खात्री पटली पाहिजे. नाही पटली तर सोमवारचं तिकीट."

हेल्मीला घरी जायचं नव्हतं. धायरीहून येताना बसच्या खिडकीतून दिसणारा सिंहगड, प्रयोगशाळेतल्या जुन्या लाकडी टेबलांचा वास, मैनाच्या चुलत्यांच्या गाईचं नुकतंच झालेलं वासरू, हे सगळं तिचं व्हायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. आणि त्या कट्ट्यावरची आपली खाच तशीच ठेवून परत जाणं तिला अपमानाचं वाटत होतं. दुसऱ्याने केलेला नव्हे, स्वतःचाच.

तिने वही काढली. रोज काय खाल्लं, किती वाजता, कशात शिजवलेलं, दोन तासांनी पोट कसं. दहा दिवसांची नोंद झाल्यावर तिने ती समोर ठेवली. भात खाल्लेल्या वेळा ठीक होत्या. वांग्याची भाजी ठीक. दही ठीक. ज्या दिवशी भाकरी जास्त, त्या दिवशी त्रास जास्त.

तिला पहिल्यांदा रडू आलं ते ही वही बघून. पण ज्वारीत ते प्रथिन नसतं हे तिला पक्कं माहीत होतं. मग भाकरीत कुठून येतंय? शेतातून? खळ्यातून? पोत्यातून? ज्वारी मैना स्वतः निवडायची, हेल्मी शेजारी बसून बघायची. दाणे स्वच्छ होते. उरलं एकच ठिकाण, जे तिने अजून पाहिलं नव्हतं.

"मावशी, पीठ कुठे होतं?"

"कुठं म्हंजे? गिरनीत."

"मी येते."

रविवारी दोघी दळणाचा डबा घेऊन मच्छिंद्रच्या गिरणीत गेल्या. एकच गिरणी, एकच दगडांची जोडी, आणि समोर डब्यांची रांग. कुणाचे गहू, कुणाची ज्वारी, पुन्हा गहू. मच्छिंद्रच्या भुवयांवरसुद्धा पिठाचा थर होता. मैनाच्या आधीचे गहू संपले, त्याने पीठ पडायच्या कापडी नळीला दोन थपडा मारल्या, मैनाची ज्वारी वर ओतली आणि खाली तिचा डबा सरकवला.

"थांबा!" हेल्मी ओरडली. तिला ओरडताना मैनाने पहिल्यांदाच पाहिलं.

तिने नळीतून पडलेलं पहिलं ओंजळभर पीठ हातात घेतलं. कोपऱ्यातल्या नळाखाली जाऊन त्याचा गोळा मळला आणि पाण्याच्या बारीक धारेखाली धरून चोळू लागली. पांढरं पाणी वाहत राहिलं. रांगेतल्या बायका बघायला लागल्या.

"काय चाललंय हिचं?" मच्छिंद्र म्हणाला. "तीस वर्षं दळतोय. भेसळ म्हनून कुनी बोट न्हाई दाखवलं आजवर."

गोळा लहान लहान होत गेला. पाणी निवळ झालं, तेव्हा तिच्या तळव्यावर वालाच्या दाण्याएवढं, राखाडी, चिकट काहीतरी उरलं. तिने ते दोन बोटांनी ओढलं. ते रबरासारखं ताणलं आणि परत आखडलं.

"ज्वारीत हे नसतं," हेल्मी म्हणाली. "हे गव्हात असतं. हे मला चालत नाही."

मैनाने वर ओतलेल्यातली आपली मूठभर ज्वारी काढून जात्यावर भरडल्यासारखी दगडाने चेचली, तिचाही गोळा करून नळाखाली धरला. पार धुऊन गेला. हातात नुसता कोंडा राहिला. मैनाने तो कोंडा मच्छिंद्रसमोर धरला. "बघ."

मच्छिंद्रने गिरणी बंद केली. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "आधीचं दळान दगडाला ऱ्हातं, हे खरं हाय. सगळ्यांचंच जरा जरा मिसळतं. कुनाला काय होत न्हाई म्हनून कुनी बोलत न्हाई." त्याने कानामागची पेन्सिल काढली. "बुधवारी दगडाला टाकी लावायची हाय. दगड उघडून, झाडून, पुसून, छिन्नीनं नवे खाचे पाडतो. मग दगडाची कच जाईस्तोवर चार किलो ज्वारी जनावरांसाठी दळतो. त्याच्या मागचं पहिलं दळान ह्या पोरीचं. नळी बी नवी शिवतो. दर टाकीला."

"दर टाकीला?" मैनाने विचारलं.

"शब्द दिला न्हवं का!"

बुधवारी पंधरा किलो पीठ घरी आलं. मैनाने नवी परात, नवा तवा आणि नवा डबा आणला, डब्याच्या कडीला लाल दोरा बांधला आणि संपतला बजावलं, "ह्या डब्याला हात लावलास तर त्या हातानं जेवायचं न्हाई."

आठ दिवसांनी वहीत हेल्मीने सलग तिसऱ्यांदा 'त्रास नाही' असं लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

आता दुसरा भाग. नुसता आकडा नको, असं सर म्हणाले होते. हेल्मी मैनाशेजारी परात घेऊन बसू लागली.

पहिल्या भाकरीचे तव्यावर जाण्याआधीच तीन तुकडे झाले. दुसरीच्या कडा उकलल्या. तिसरी हातावरून घसरून मैनाच्या पायावर पडली. "ही पायाला बांध, मुरगळला तर बरी," मैना म्हणाली. हेल्मीने गार पाणी घातलं होतं. मैनाने पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. "ज्वारीचं पीठ गार पान्याला ऐकत न्हाई. आदी कडक पानी. मग मळ, जीव लावून. चिराळली तर अजून मळ."

पुढे हेल्मीच्या लक्षात आलं ते असं. पोळीला धरून ठेवणारं जे रबर, तेच तिला चालत नव्हतं. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरी तिला चालते आणि म्हणूनच ती तुटते. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो, चिकट होतो आणि त्या रबराचं काम करतो. हे तिने मावशीला समजावून सांगितलं. मैनाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, तेच म्हनले मी. कडक पानी."

शेवटच्या आठवड्यात हेल्मीची एक भाकरी फुगली. अर्धीच फुगली, एका बाजूने, रुसलेल्या गालासारखी. पण संपतने तीच मागून घेतली.

शनिवार आला. हेल्मीने दप्तरात वही घेतली, आणि पुरावा म्हणून लाल दोऱ्याच्या डब्यातलं अर्धा किलो पीठ. शाळा सुटल्यावर ती निघाली तशी ऋजुता मागे आली. "मी पण येते. शिरा माझा होता."

काट्याचा काटा हलला, डळमळला आणि थांबला. पन्नास किलो चारशे ग्रॅम.

"वर चला," श्रीनिवास सर म्हणाले.

वरती त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. घाई हा प्रकार त्यांना माहीत नव्हता. स्वयंपाकघरात कुसुमताई, त्यांच्या पत्नी, चहाची भांडी आवरत होत्या. ऋजुता दारात उभी राहून नखं खात होती.

"नोंदी चांगल्या आहेत," सर अखेर म्हणाले. "माझ्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी इतक्या चांगल्या ठेवल्या असत्या तर मी लवकर निवृत्त झालो नसतो. वजन वाढलं. पण हे यश मैनाबाईंचं आहे, तुझं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या त्या पंधरा दिवस माहेरी गेल्या तर तू काय खाणार? सिंहगड रस्त्यावरची हवा?"

"भाकरी."

"कोण करणार?"

"मी."

"हं," सर म्हणाले. त्यांच्या हंमध्ये पुष्कळ जागा होती.

"अहो, तोंडी परीक्षा काय घेताय?" आतून कुसुमताईंचा आवाज आला. "ओटा रिकामा आहे. करू दे तिला."

हेल्मी आत गेली. ओट्यावर पितळी परात होती, घासून घासून सोन्यासारखी झालेली. शेजारी लोखंडी तवा. हेल्मीने पीठ बाहेर काढलं आणि थांबली. दुसऱ्याच्या घरात हे विचारणं किती अवघड असतं, हे तिला आता समजत होतं. चार महिन्यांपूर्वी तिने ते बिनदिक्कत विचारलं असतं. दोन महिन्यांपूर्वी ती 'नको' म्हणून गप्प बसली असती.

"काकू, या परातीत कणीक भिजवता का?"

"चाळीस वर्षं. रोज. का गं, स्वच्छ नाही वाटत?"

"फार स्वच्छ आहे. पण मला चालणार नाही. तवासुद्धा."

बाहेरून सर म्हणाले, "संपलं. म्हणजे धायरीतलं एक घर सोडलं तर या शहरात हिला शिजवायला जागा नाही. हेच मी म्हणतोय."

हेल्मी पिठाची पिशवी पुन्हा बंद करू लागली.

"थांब," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि सगळ्यात वरचं फडताळ उघडलं. आतून एक स्टीलची परात काढली, एक लहानसा काळाभोर तवा, एक पातेली, एक उलथणं. सगळं जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं. "ही उपासाची भांडी. एकादशी, चतुर्थी, महाशिवरात्र. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेला नियम आहे, उपासाच्या भांड्याला धान्याचा कण लागता कामा नये. लग्न होऊन आले तेव्हापासून यात गव्हाची धूळसुद्धा गेलेली नाही. चालेल?"

हेल्मीने परातीवरून हात फिरवला. "ज्वारी पण धान्य आहे, काकू. यात भाकरी केली तर तुमच्या उपासाला चालणार नाही."

"एवढं तुला कोणी शिकवलं?"

"मावशींनी."

"मग ठीक आहे. तू भाकरी कर. मला दुसरी परात आणता येते. पुण्यात भांड्यांची दुकानं उपासाला बंद नसतात."

हेल्मीने पातेली धुऊन पाणी उकळायला ठेवलं. पिठात मध्ये खळगा केला, पाणी ओतलं, वाफ थोडी बसू दिली आणि मळायला लागली. हात भाजत होते. ती मळत राहिली. गोळा गुळगुळीत झाल्यावर तो कोरड्या पिठावर ठेवून थापायला घेतला. थप, थप, आणि प्रत्येक थपेला परात थोडी फिरत गेली. कुठे थांबायचं हे डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळतं, असं मैना म्हणायची.

उचलताना पहिलीला चीर गेली. हेल्मीने ती मोडून पुन्हा गोळ्यात घातली. सर आता दारात येऊन उभे होते.

दुसरी उचलली गेली. तव्यावर पडली. पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकेपर्यंत थांबली, उलटली. मग चिमट्याने तवा बाजूला करून तिने भाकरी थेट आचेवर सरकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग मधोमध एक फोड आला, तो पसरला, कडेला भिडला, आणि अख्खी भाकरी टम्म फुगून उभी राहिली. गोल, पूर्ण, कुठेही चीर नाही.

"आई गं!" ऋजुता म्हणाली.

सरांनी पापुद्रा काढला. वाफ चष्म्यावर आली. एक घास चावला, दुसरा चावला. "मीठ विसरलीस."

"भाकरीत मीठ नसतं, सर."

"ऐका," कुसुमताई म्हणाल्या. "तिला आता तुमच्यापेक्षा जास्त कळतंय."

सरांनी उरलेली भाकरी संपवली आणि मगच संगणकासमोर बसले. लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवलं, पत्र दोनच ओळींचं होतं. "विद्यार्थिनी जूनपर्यंत पुण्यातच राहील. जेवणाचा प्रश्न तिने स्वतः सोडवलेला असून मी तो खाऊन पाहिला आहे."

कुसुमताईंनी परात, तवा, पातेली आणि उलथणं परत साडीच्या तुकड्यात बांधलं आणि गाठोडं हेल्मीच्या हातात दिलं. जिना उतरताना ऋजुता एकदम थांबली.

"हेमा, आमच्याकडे पण आहे असं फडताळ."

"कसलं?"

"उपासाचं! सगळ्यांकडे आहे. आपल्या सातहीजणींकडे! आणि चार महिने आम्ही तुला भात खाताना बघत बसलो. मूर्ख आहोत आम्ही." ती दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली.

सोमवारी मधल्या सुट्टीत हेल्मी कट्ट्यावर आली तेव्हा सातहीजणी आधीच बसल्या होत्या आणि सातही डबे बंद होते. ती आपल्या जागेवर बसल्यावर ते एकदम उघडले. साबुदाण्याची खिचडी. वरीचे तांदूळ. दाण्याची आमटी. रताळ्याचा कीस. बटाट्याची उपासाची भाजी. राजगिऱ्याचे लाडू. ऋजुताने आपला डबा सर्वांत शेवटी उघडला. शिरा.

"शिंगाड्याचा," ती घाईघाईने म्हणाली. "शिंगाडे घरी आणून, घरी कुटून. उपासाच्या कढईत, उपासाच्या उलथण्याने. आईने तर आधी कढई पुन्हा एकदा घासली. हवं तर धुऊन बघ नळाखाली!"

जीवशास्त्राच्या आनंदी मॅडम अंगणातून चालल्या होत्या. त्या डब्यांवरून नजर फिरवून थबकल्या. "हे काय? एकादशी गेल्या आठवड्यातच झाली ना?"

"ही हेमाची एकादशी आहे, मॅडम," ऋजुता म्हणाली.

"अस्सं. म्हणजे जेवणं नेहमीपेक्षा दुप्पट," मॅडम म्हणाल्या आणि एक राजगिऱ्याचा लाडू उचलून पुढे गेल्या.

हेल्मीने आपला डबा काढला. पहाटे उठून केलेल्या चार भाकऱ्या, चौघडी घालून ठेवलेल्या. वर मैनाचा हिरवा ठेचा आणि लोणी. तिने तो गोलाच्या मधोमध ठेवला, आणि मग पहिला हात तिने ऋजुताच्या डब्यात घातला. शिरा गोड होता, किंचित खरखरीत. तिने दुसरा घास घेतला. मग खिचडी. मग कीस. चार महिन्यांत तिने इतक्या चवी एकत्र घेतल्या नव्हत्या. मुली एकमेकींना कोपराने ढोसत होत्या, ठेच्याने कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं होतं, कुणीतरी लोणी संपवल्याबद्दल कुणाला तरी शिव्या देत होतं.

घंटा व्हायला दोन मिनिटं होती तेव्हा तिला भाकरीची आठवण झाली. आपण केलेली एक घासभर तरी चाखावी म्हणून तिने हात पुढे केला.

डब्यात काही नव्हतं. ठेच्याचा हिरवा ओघळसुद्धा कुणीतरी पुसून नेला होता.

"बघू, बघू!" सातहीजणी ओरडल्या.

हेल्मी उभी राहिली, तिने डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि सगळ्या अंगणासमोर उपडा केला. एक कणही खाली पडला नाही.